विदुर कोणत्या भाषेत बोलला? महाकाव्य बहुभाषी रंगमंचावर येतं तेव्हा काय घडतं

महाभारताच्या आदिपर्वात एक छोटा प्रसंग आहे. पांडव वारणावताला निघालेत. तिथे त्यांच्यासाठी लाखेचं घर तयार होतंय आणि ते जाळायचं ठरलंय, हे विदुराला कळलेलं आहे. निरोप द्यायला सगळं नगर लोटलं आहे, आजूबाजूला दुर्योधनाची माणसं आहेत. अशा गर्दीत विदुर युधिष्ठिराशी उघड बोलतो, पण इतरांना न कळणाऱ्या बोलीत. लोखंडाचं नसलेलं शस्त्रही घात करतं, वणवा रान जाळतो पण बिळातल्या जिवाला जाळत नाही, हिंडणाऱ्यालाच वाटा कळतात, असं काहीबाही. युधिष्ठिर एवढंच म्हणतो, समजलं. पुढे वाटेत कुंती विचारते, तो काय बोलला रे? आम्हाला तर काहीच कळलं नाही. मग युधिष्ठिर तिला अर्थ सांगतो. पुढे विदुराने भुयार खणायला पाठवलेला माणूस येतो तेव्हा तो खूण म्हणून याच संभाषणाची आठवण देतो आणि त्या बोलीला ‘म्लेच्छ’ भाषा म्हणतो.

हा प्रसंग नाटकात कसा करायचा? सगळं नाटक एकाच भाषेत असेल तर विदुराला कुजबुजावं लागतं किंवा कोड्यात बोलावं लागतं, आणि भर गर्दीत कुजबुजणारा मंत्री जरा हास्यास्पदच दिसतो. नाटक दोन भाषांत असेल तर मात्र विदुराने फक्त भाषा बदलायची. सभागृहातल्या अर्ध्या लोकांना कळतं, अर्ध्यांना नाही. ज्यांना कळलं नाही ते त्या क्षणापुरते कुंतीच्या जागी येऊन बसतात.

बेळगावात ही युक्ती फसण्याचीच शक्यता जास्त. मराठीतून कन्नडमध्ये गेलं काय नि कन्नडमधून मराठीत आलं काय, बऱ्याच जणांना दोन्ही कळणार. तिथल्या विदुराला तिसरी भाषा शोधावी लागेल.

विनोद बाजूला ठेवला तरी बहुभाषी नाटकाची सगळी भानगड या एका प्रसंगात दिसते. कोण कोणत्या भाषेत बोलतो, ती कोणाला कळते, कोणाला कळत नाही आणि अर्थ सांगायचं काम कोणाकडे येतं. ‘लोकांना समजणार कसं?’ हा प्रश्न सगळे आधी विचारतात. खरा अवघड प्रश्न मात्र दुसराच आहे: कोणत्या पात्राला कोणती भाषा द्यायची? सीमाभागात तर हा प्रश्न नाटकापुरता राहत नाही.

नवं काहीच नाही

अनेक भाषांचं नाटक म्हटलं की परदेशातला महोत्सव आणि प्रायोगिक दिग्दर्शक डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात आपल्याकडचं जुनं नाटक बहुभाषीच होतं. संस्कृत नाटकात राजा, मंत्री, ब्राह्मण संस्कृत बोलतात. राणीपासून दासीपर्यंत बहुतेक स्त्रिया शौरसेनी प्राकृत बोलतात. त्यांची गाणी महाराष्ट्री प्राकृतात असतात. खालच्या मानलेल्या पात्रांना मागधी किंवा तत्सम बोली. भरताच्या नाट्यशास्त्रात याचे नियमच दिलेले आहेत. म्हणजे आपण ज्याला ‘संस्कृत नाटक’ म्हणतो त्यातली निम्मीअधिक पात्रं संस्कृत बोलतच नाहीत. नवराबायको एकाच प्रवेशात दोन भाषांत बोलतात आणि दोघांनाही एकमेकांचं सगळं कळतं. प्रेक्षकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

पण त्या वाटणीत एक उतरंड होती, हेही लक्षात ठेवायला हवं. भाषा ऐकली की पात्राची पायरी कळायची. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरं उदाहरण मराठी माणसांच्या घरचं आहे, पण महाराष्ट्रातलं नाही. तंजावरचे शाहजीराजे, व्यंकोजींचे पुत्र, म्हणजे शिवाजी महाराजांचे पुतणे, १६८४ मध्ये गादीवर आले. त्यांनी मराठीत आणि तेलुगूत नाटकं लिहिली. त्यांच्या नावावर ‘पंचभाषा विलास’ नावाचं एक नाटक आहे. नायक श्रीकृष्ण. त्याच्याशी लग्न करायला चार देशांच्या राजकन्या येतात आणि प्रत्येक जण आपापल्या भाषेत बोलते: एक तमिळ, एक तेलुगू, एक मराठी, एक हिंदी. पाचवी भाषा संस्कृत. राज्यकर्ते मराठी, प्रजा तमिळ, दरबाराची साहित्यभाषा तेलुगू अशा गावात हे लिहिलं गेलं. इथे भाषा पायरीनुसार दिलेली नाही. चौघी राजकन्याच आहेत, फरक फक्त त्या कुठून आल्या एवढाच.

तिसरं उदाहरण तर आपण दरवर्षी ५ नोव्हेंबरला साजरं करतो, फक्त त्यातला कन्नड धागा कोणी फारसा आठवत नाही. १८४२ च्या सुमारास उत्तर कन्नडमधल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीत आली आणि त्यांनी आपले खेळ केले. संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी ते पाहिले आणि विष्णुदास भावे यांना असं काही मराठीत करायला सांगितलं. १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ उभं राहिलं. म्हणजे मराठी रंगभूमीचा पहिला मानला जाणारा प्रयोग हा रामायणाचा, आणि त्याची प्रेरणा एका कन्नड खेळाची. पदं भावे लिहीत, सूत्रधार ती गात असे आणि गद्य संवाद नट जागच्या जागी रचत. हा शेवटचा तपशील विसरू नका, कारण बहुभाषी नाटकाच्या कामाचं एक हत्यार त्यातच आहे.

अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. १८८२ च्या ‘सौभद्र’ची गोष्ट महाभारताचीच, अर्जुन-सुभद्रेची.

माणसं अनेक देशांची, भाषा एक

आधुनिक काळातला सर्वांत गाजलेला प्रयोग पीटर ब्रूक यांचा. जुलै १९८५ मध्ये फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात, गावाबाहेरच्या एका दगडाच्या खाणीत त्यांनी ‘महाभारत’ केलं. लेखन जाँ-क्लोद कारिएर यांचं. प्रयोग सुमारे ९ तासांचा. काही वेळा तीन रात्री विभागून, काही वेळा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत सलग. भीष्म पश्चिम आफ्रिकेतले सोतिगी कुयाते, ज्यांच्या घराण्याचा पिढीजात धंदाच गोष्टी सांगण्याचा. द्रोण जपानी योशी ओइदा. धृतराष्ट्र पोलंडचे रिशार्ड चेश्लाक. द्रौपदी मल्लिका साराभाई.

या प्रयोगाची चर्चा ‘बहुसांस्कृतिक’ म्हणून होते, ते बरोबरच. पण तो बहुभाषी नव्हता. सगळे जण फ्रेंच बोलत होते. १९८७ मध्ये इंग्रजी आवृत्ती झाली तेव्हा सगळे इंग्रजी बोलू लागले. साराभाईंनी द्रौपदी आधी फ्रेंचमध्ये केली, मग इंग्रजीत. ऐकू येत होते ते निरनिराळे उच्चार आणि हेल. प्रत्येक नटाने आपली भाषा बाहेर ठेवून आत यायचं, असा तो करार होता.

भारतातून त्यावर टीका झाली. रुस्तम भरुचा यांनी लिहिलं ते सगळ्यांत कडक: महाभारत ज्या समाजात जगतं, त्यातून उपटून ते जगाच्या बाजारात ठेवलं. या वादात दोन्ही बाजूंना वजन आहे. पण भाषेच्या अंगाने पाहिलं तर ब्रूक यांनी सोपी वाट धरली असंच म्हणावं लागेल. माणसं जगभरातून गोळा केली आणि भाषेचा प्रश्न एका भाषेने मिटवून टाकला. गंमत म्हणजे याच ब्रूक यांनी १९७१ मध्ये इराणात ‘ऑर्गास्ट’ नावाचा प्रयोग केला होता, त्यासाठी कवी टेड ह्यूज यांनी एक नवीच भाषा बनवली होती आणि तिच्याबरोबर अवेस्ता, जुनी ग्रीक, लॅटिन वापरली होती. महाभारतापाशी येईपर्यंत ते तो नाद सोडून आले होते. ९ तासांची गोष्ट कोणालाच न कळणाऱ्या भाषेत ऐकवणं अशक्यच होतं म्हणा.

याच्या उलट टोकाला रतन थियम. मणिपूरच्या कोरस रेपर्टरी थिएटरचं ‘चक्रव्यूह’ १९८४ चं. अभिमन्यूची गोष्ट, भाषा मणिपुरी. १९८७ मध्ये एडिंबरोला त्याला फ्रिंज फर्स्ट पुरस्कार मिळाला. दिल्लीपासून युरोपपर्यंत ज्यांनी ते पाहिलं त्यातल्या बहुतेकांना मणिपुरीचा एक शब्द येत नव्हता. पण कोवळं पोर आत शिरतंय, बाहेर पडायची वाट त्याला ठाऊक नाही आणि आत सात जाणते महारथी उभे आहेत, हे कळायला शब्द लागत नाहीत. इथेही रंगमंचावर भाषा एकच. दुसरी भाषा प्रेक्षकाच्या डोक्यात.

अलीकडचा मोठा प्रयोग कॅनडातल्या व्हाय नॉट थिएटरचा, २०२३ मधला, रवी जैन आणि मिरियम फर्नांडिस यांचा. दोन भागांचं ‘महाभारत’, मुख्य भाषा इंग्रजी, पण युद्धाआधी भगवद्गीता येते ती संस्कृतात, ऑपेरासारखी गायलेली. दोन भागांच्या मधे प्रेक्षकांनी एकत्र जेवायचं आणि जेवताना गोष्टी ऐकायच्या, अशीही सोय होती. गीता म्हणजे मुळात वाद. अर्जुन अडून बसलाय, कृष्ण त्याला पटवतोय. ती गाण्यात घातली की वादाचा कस थोडा कमी होतो आणि भव्यपणा वाढतो. शिवाय संस्कृत पुन्हा देवाच्याच वाट्याला. पण तिथल्या भारतीय वंशाच्या प्रेक्षकाला, ज्याने हे शब्द आजीच्या तोंडून अर्थाशिवाय ऐकलेत, त्याला तो क्षण लागत असणार यात शंका नाही.

समजायचं कसं, याची हत्यारं

आता कामाचं बोलू. एका प्रयोगात दोन-तीन भाषा आल्या की प्रेक्षक हरवू नये म्हणून काय काय करतात?

पहिली गोष्ट, महाकाव्य निवडलं की निम्मं काम झालेलं असतं. गोष्ट लोकांना पाठ आहे. मराठी घरात ती श्रीधराच्या पोथीतून, मोरोपंतांच्या आर्यांतून, कीर्तनातून आली. कन्नड घरात गदगच्या कुमारव्यासाच्या काव्यातून, गमकातून आणि यक्षगानातून. रविवार सकाळच्या मालिकेतून तर दोन्ही घरांत आली. द्यूताचा पट मांडला की पुढे काय होणार हे शेवटच्या रांगेतल्या पोरालाही ठाऊक असतं. एखादं नवं सामाजिक नाटक तीन भाषांत करून पाहा, दहाव्या मिनिटाला खुर्च्या वाजायला लागतील.

पण हे अर्धंच खरं. महाभारतात घडामोड जेवढी आहे तेवढीच हुज्जत आहे. वस्त्रहरण न बोलता कळतं. पण त्याआधी द्रौपदी जो प्रश्न पाठवते तो शब्दांत कळावाच लागतो: त्या जुगाऱ्याला जाऊन विचार, आधी स्वतःला हरलास की मला? सगळी सभा या प्रश्नापुढे खाली मान घालते. तो ज्या प्रेक्षकाला कळला नाही, त्याच्यासाठी तो प्रवेश नुसता अत्याचाराचा देखावा होतो. म्हणून जाणते दिग्दर्शक संहितेवर आधी खुणा करतात: इथे कृती आहे, भाषा कोणतीही चालेल, इथे युक्तिवाद आहे, एक शब्द गळता कामा नये.

युक्तिवादासाठी सर्वांत जुनं हत्यार सूत्रधार. यक्षगानात भागवत पद गातो आणि मग पात्र त्याच पदाचा अर्थ गद्यात, आपल्या शब्दांत, वाढवून सांगतं. दशावतारातही पदानंतर नट स्वयंस्फूर्त संवाद बोलतात. म्हणजे प्रत्येक गोष्ट दोनदा येते, एकदा गाण्यात, एकदा बोलण्यात. यातलं गाणं एका भाषेत आणि बोलणं दुसऱ्या भाषेत ठेवलं की भाषांतर झालं, आणि भाषांतर केल्यासारखं वाटलंही नाही. संवाद लिहिलेले नसतात, नट ते रचतात, त्यामुळे आज समोर कोण बसलंय हे पाहून भाषेचं माप कमीजास्त करता येतं. भाव्यांच्या सूत्रधाराची सोय ती हीच.

महाभारताची रचनाच या पद्धतीला सोयीची आहे. व्यासांची कथा वैशंपायन जनमेजयाला सांगतो, तीच पुढे सौती नैमिषारण्यात ऋषींना सांगतो. संजय आंधळ्या धृतराष्ट्राला युद्ध सांगतो. सगळं सांगितलेलं, पुन्हा सांगितलेलं. संजयाला एका भाषेत पाहून दुसऱ्या भाषेत सांगू दिलं तर मूळ कथेला कुठे धक्काही लागत नाही.

दुसरं हत्यार बाजारातलं आहे. गिऱ्हाईक विचारतं, “एष्टु री?” आणि भाजीवाली म्हणते, “किती काय विचारताय, चाळीसला पेंडी.” उत्तरातच प्रश्न पुन्हा आला. ज्याला कन्नड येत नाही त्यालाही काय विचारलं ते कळलं. रंगमंचावर हेच करतात. शकुनी एका भाषेत विचारतो, पणाला काय लावतोस? युधिष्ठिर दुसऱ्या भाषेत म्हणतो, काय लावू? ही घे रत्नांची माळ. लिहिताना प्रत्येक उत्तर असं बांधावं लागतं, आणि ते जास्त झालं की पोपटपंची वाटते. चांगला लेखक तीन-चार ठिकाणीच वापरतो.

तिसरं हत्यार पुनरावृत्ती. सभापर्वात प्रत्येक फाशाला शकुनी एकच शब्द म्हणतो, जिंकलं. तो शब्द कन्नडमध्ये ठेवून पाहा: “गेद्दे.” पहिल्यांदा मराठी प्रेक्षक शेजारच्याकडे बघेल. तिसऱ्यांदा त्याला कळलेलं असेल. रथ गेले, हत्ती गेले, नकुल, सहदेव, अर्जुन, भीम गेले, युधिष्ठिर स्वतःला हरला. मग द्रौपदी पणाला लागते, फासे पडतात, आणि तो शब्द येतो. तेव्हा सभागृहात कोणालाही भाषांतर लागत नाही. एक शब्द शिकवून घेतला, आणि शिकवला तोही नेमका असा.

राहिलं पडद्यावरचं भाषांतर, सबटायटल्स. आता प्रोजेक्टर स्वस्त झाल्याने गावोगावी शक्य झालंय आणि त्यामुळेच त्याचा आळशी वापर वाढलाय. यात अडचणी बारीक असतात पण नाटक मारतात. ओळ नटाच्या आधी आली तर प्रेक्षक आधी हसतो आणि नट नंतर बोलतो. उशिरा आली तर हशा दोन लाटांत येतो, भाषा येणाऱ्यांचा आधी, वाचणाऱ्यांचा मागून. पडदा रंगमंचाच्या फार वर असेल तर मान वर-खाली होते आणि नटाचा चेहरा हुकतो. ओळी पुढे सरकवणारा माणूस दोन्ही भाषा जाणणारा आणि रोज तालमीला बसलेला हवा, कारण नट वाक्य गाळतात, पुढचं आधी घेतात. यक्षगान किंवा दशावतारासारख्या स्वयंस्फूर्त संवादाला तर सबटायटल्स लावताच येत नाहीत. आणि वाचता न येणाऱ्या आजीचं काय? गावच्या जत्रेत पुढच्या सतरंजीवर तीच बसलेली असते.

तालमीतली डोकेदुखी वेगळीच. नटाला आपली वाक्यं पाठ असून भागत नाही, समोरच्याच्या वाक्याचा शेवटचा शब्द कानाने ओळखता यायला हवा, नाहीतर तो बोलायचा थांबलाय की श्वास घेतोय हेच कळत नाही. समोरची भाषा ज्याला अजिबात येत नाही तो नट वाट पाहत उभा राहतो, आणि वाट पाहणारा नट लांबूनही ओळखू येतो. म्हणून अशा तालमी एकभाषी नाटकापेक्षा बऱ्याच जास्त लागतात.

राजाची भाषा कोणती?

ही सगळी हत्यारं वापरून झाली तरी मूळ प्रश्न उरतो. दशावताराचंच बघा. सिंधुदुर्गात आणि गोव्याच्या उत्तर भागात रात्रभर चालणाऱ्या या खेळात देव, राजे, ऋषी अगदी पुस्तकी मराठीत बोलतात. शंकासुर येतो तो मालवणीत. लोक त्याच्यावर जीव टाकतात, तो देवाब्राह्मणांची खिल्ली उडवतो, गावातल्या ताज्या गोष्टी काढतो. पण घरात रोज जी भाषा बोलतो ती मंचावर विनोदी असुराची आणि देवाची भाषा दुसरीच, हे त्या खेळात कोरलेलं आहे. गोव्यात घरी कोकणी बोलणारी कितीतरी गावं जत्रेचं नाटक मराठीत करतात. कोणाला तो अभिमान वाटतो, कोणाला सल. १९८७ च्या राजभाषा कायद्याच्या आगेमागे या सलेचं काय झालं ते गोव्यात कोणाला सांगायला नको.

आता समजा, बेळगावात मराठी आणि कन्नड नट एकत्र येऊन महाभारत करायचं ठरवतात. कौरव एका भाषेचे, पांडव दुसऱ्या भाषेचे, असं ठेवलं तर? पहिल्या प्रयोगाआधीच पत्रकबाजी. १९५६ पासून जे भांडण चालू आहे त्याला अठरा अक्षौहिणी सैन्य मिळालं एवढंच. राजाला एक भाषा आणि द्वारपालाला, सारथ्याला, दासीला दुसरी दिली, तर त्याहून वाईट, कारण ते पटकन लक्षातही येत नाही. संहिता लिहिताना हाताला आपोआप तीच सवय लागलेली असते. एक दिवस राजा मराठी, दुसऱ्या दिवशी कन्नड, अशी अदलाबदल केली की हिशेब समान होतो खरा, पण नाटकात भाषेला काही कामच उरत नाही. ती सरकारी फलकासारखी होते, वर एक, खाली दुसरी.

यातून निघायची एक वाट आहे, आणि ती सीमाभागातल्या घराघरांत आधीपासून आहे. भाषा माणसाच्या पायरीवरून किंवा गावावरून न ठरवता नात्यावरून ठरवायची. घरात आईशी एक भाषा, दुकानात दुसरी, कचेरीत तिसरी, चिडला की पुन्हा पहिली. माणूस तोच. प्रत्येक पात्राला दोन भाषा द्यायच्या आणि तो कोणाशी, केव्हा, कोणती बोलतो याकडे लक्ष द्यायचं. मग भाषा बदलणं हीच कृती होते. विदुराने केलं ते हेच.

भासाचं ‘मध्यमव्यायोग’ हे छोटं नाटक यासाठी घेण्यासारखं आहे. भासाची नाटकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्रावणकोरात गणपतिशास्त्रींना हस्तलिखितांत सापडली; पुढे केरळच्या कावालम नारायण पणिक्करांनी हे नाटक संस्कृतातच रंगमंचावर आणलं. गोष्ट अशी: घटोत्कच आईच्या, म्हणजे हिडिंबेच्या, उपवासाच्या पारण्यासाठी माणूस शोधतोय. त्याला एक ब्राह्मण कुटुंब सापडतं, तीन मुलगे. थोरला बापाला प्रिय, धाकटा आईला. मधला म्हणतो, मी येतो. तो पाणी प्यायला जातो आणि उशीर करतो. घटोत्कच हाक मारतो, अरे मधल्या, लवकर ये! जवळच असलेला भीम ती हाक ऐकून पुढे येतो, कारण पांडवांमध्ये मधला म्हणून तोही ओळखला जातो. बाप आणि मुलगा समोरासमोर उभे, एकमेकांना न ओळखता.

सगळं नाटक एका शब्दाच्या दोन अर्थांवर उभं आहे. घटोत्कच आईच्या रानात वाढलाय, बापाची भाषा त्याच्या कानावर कधी पडलीच नाही. तो एका भाषेत बोलतो, भीम दुसऱ्या. ‘मध्यम’ हा शब्द मात्र दोन्ही भाषांत तोच, संस्कृतातून आलेला, मराठीलाही ओळखीचा आणि कन्नडलाही. त्या एकाच सामायिक शब्दाने गैरसमज होतो आणि त्यानेच ओळखही पटते. शेवटी हिडिंबा येते. भीमाला ती त्याच्या भाषेत हाक मारते, मुलाला आपल्या. घरात दोन्ही भाषा येणारी ती एकटीच. मुलाला ती सांगते, हे तुझे वडील. यात हिडिंबेची भाषा ‘जंगली’ म्हणून हसण्यावारी गेली तर नाटक तिथेच मेलं. तिच्या तोंडी ती भाषा घरची, हुकमाची आणि मायेची म्हणून यायला हवी. तासाभराचं नाटक, मोजकी पात्रं, नेपथ्य जवळपास नाहीच. दोन भाषांच्या हौशी मंडळींनी सुरुवात करायला याहून चांगलं काही सापडणं कठीण.

‘समकालीन’ करायचं म्हणून दुर्योधनाला कोट-टाय चढवायची गरज नसते, हेही जाता जाता सांगायला हवं. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’त सगळे पौराणिक वेषातच होते. १९०७ मध्ये ते रंगमंचावर आलं. कीचक म्हणजे कर्झन, हे बघणाऱ्याला कोणी सांगावं लागलं नाही, सरकारलाही लागलं नाही, आणि १९१० मध्ये त्यावर बंदी आली.

कर्ण आणि कुंतीची भेट मात्र कोणत्याही बहुभाषी महाभारताला चुकवता येत नाही, आणि तिथेच सगळ्यांचा कस लागतो. युद्ध तोंडावर आलंय. नदीकाठी कर्ण सूर्याची उपासना करतोय. कुंती त्याच्या सावलीत येऊन थांबते. तो वळून आपली ओळख सांगतो: मी राधेचा मुलगा, अधिरथाचा मुलगा. सारथ्याच्या घरात तो जी भाषा बोलत वाढला तीत हे वाक्य यायला हवं, कारण तेच त्याचं म्हणणं आहे. कुंती म्हणते, तू राधेचा नाहीस, माझा आहेस. हे ती कोणत्या भाषेत म्हणेल? राजवाड्याच्या भाषेत म्हणाली तर तिला आयुष्यभर लपवलेलं सत्य सांगता आलं, पण मुलापर्यंत पोचता आलं नाही. कर्णाच्या भाषेत, अडखळत, चुकत म्हणाली तर ती काहीतरी मागायला तयारी करून आलीय, असाही अर्थ निघतो, आणि ती मागायलाच आलेली असते. कर्ण पाचांचं वचन देतो: अर्जुन राहिला तर त्याच्यासह पाच, मी राहिलो तर माझ्यासह पाच. ते वचन कुठल्या भाषेत द्यायचं, हे संहितेत लिहून ठेवता येत नाही. कर्णाची आणि कुंतीची भूमिका करणाऱ्या दोघांना तालमीत दोन्ही भाषांत ते म्हणून बघावं लागतं, कानाला काय पटतंय ते तपासावं लागतं, आणि बहुधा प्रयोगाच्या आदल्या आठवड्यापर्यंत ते ठरत नाही.